क्वांटम किल्लीचा ताळा: जुळलेल्या बेरजेचीही नोंद करावी लागते

धागालेखक: ताळेबंद, मुलुंड

मी ३४ वर्षे एका बँकेत नोकरी केली आणि त्यातली पहिली ११ वर्षे फोर्टमधल्या आंतरशाखा ताळमेळ विभागात गेली. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या नावे टाकलेली नोंद तिकडे पोहोचली का, आणि पोहोचली असेल तर त्याच रकमेची पोहोचली का, एवढेच आम्हांला पाहायचे असे. मोठ्या टेबलावर दोन विवरणपत्रे शेजारी-शेजारी मांडून एकाने आकडा वाचायचा आणि दुसऱ्याने हिरव्या पेन्सिलीने टिक मारायची. निवृत्तीनंतर गेली दोन वर्षे मी क्वांटम किल्ली-वाटपाचा, म्हणजे प्रकाशाचे एकेक कण (फोटॉन) पाठवून दोन टोकांना संदेश झाकण्याची एकच गुप्त किल्ली, शून्य-एकांची मालिका, मिळवून देण्याच्या पद्धतीचा अभ्यास करते आहे, आणि या विषयावर मराठीत जे वाचायला मिळते त्यात एक मोठी उणीव मला जाणवते. लेख फोटॉनपाशी सुरू होतात आणि फोटॉनपाशीच संपतात. फोटॉन मोजून झाल्यावर दोन्ही टोकांकडे जे बिट उरतात ते एकसारखे नसतात, त्यांचा ताळा घालावा लागतो, आणि तो ताळा कोणीही ऐकू शकेल अशा उघड तारेवर घालावा लागतो, याचा उल्लेखही सहसा नसतो. हा धागा त्या ताळ्याविषयी आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगते. चार्ल्स बेनेट आणि जिल्स ब्रासार यांनी डिसेंबर १९८४ मध्ये बेंगळुरू येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बीबी८४ ही पद्धत मांडली. समजा, एक टोक फोर्टला आहे आणि दुसरे वाशीला. फोर्टने एकेक फोटॉन चारपैकी एका ध्रुवीकरणात, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेत, पाठवायचा आणि वाशीने दोन आधारांपैकी, म्हणजे मोजण्याच्या दिशांच्या दोन जोड्यांपैकी, मनाला येईल त्या आधारात तो मोजायचा. मग कोणी कोणता आधार वापरला एवढेच उघडपणे सांगायचे आणि जेथे आधार जुळले नाहीत ते बिट टाकून द्यायचे. सुमारे निम्मे बिट उरतात, त्यांना आपण चाळलेली किल्ली म्हणू. मध्ये बसलेल्या कोणी प्रत्येक फोटॉन अडवून, मोजून पुन्हा पुढे पाठवला, तर या चाळलेल्या किल्लीत सरासरी २५ टक्के चुका होतात आणि चोरी उघडकीस येते.

परंतु चोर नसतानाही चुका होतातच. ध्रुवीकरण वाटेत थोडे फिरते, उपकरणांची जुळणी पूर्ण अचूक नसते, आणि डिटेक्टर अंधारातही अधूनमधून फोटॉन आल्याची खोटी वर्दी देतो. एक, दोन, तीन टक्के चुका हा चांगल्या यंत्रणेचा नित्याचा अनुभव आहे. संदेश झाकण्याच्या किल्लीत मात्र एकही बिट वेगळा असून चालत नाही. त्याहून कठीण भाग असा की, कोणती चूक यंत्राची आणि कोणती चोराच्या हस्तक्षेपाची, हे ओळखण्याचा उपाय नाही. म्हणून प्रत्येक चूक चोरामुळेच झाली असे धरून पुढचा हिशेब मांडावा लागतो.

आता प्रत्यक्ष ताळा पाहू. फोर्टकडे आठ बिट आहेत: १ ० १ १ ० ० १ ०. वाशीकडे आहेत: १ ० १ १ ० १ १ ०. सहावा बिट वेगळा आहे, पण हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नाही. फोर्ट आपल्या आठ बिटांतील एकांची संख्या सम की विषम एवढेच जाहीर करतो. यालाच पॅरिटी म्हणतात. फोर्टकडे चार एक आहेत, म्हणजे सम. वाशीकडे पाच आहेत, म्हणजे विषम. गटात चूक आहे हे कळले. मग पहिल्या चार बिटांची पॅरिटी विचारायची: दोन्हीकडे विषम, म्हणजे चूक उरलेल्या चारांत आहे. पाचवा आणि सहावा मिळून विचारायचे: फोर्टकडे सम, वाशीकडे विषम. शेवटी एकटा पाचवा विचारायचा: दोन्हीकडे शून्य. म्हणजे सहावा चुकला आहे, आणि वाशी तो उलटा करून घेतो. पान निम्मे झाकून बेरीज पाहायची, मग पाव पान, मग त्याच्याही निम्मे, ही रीत आमच्या विभागात नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवली जात असे.

एका गटात दोन चुका असतील तर पॅरिटी जुळते आणि दोन्ही चुका लपून राहतात. हिशेबाच्या पुस्तकांत त्यांना भरपाईच्या चुका म्हणतात: एक नोंद शंभराने जास्त, दुसरी शंभराने कमी, आणि तेरीज मात्र जुळलेली. ब्रासार आणि लुई साल्वाय यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या ‘कॅस्केड’ पद्धतीतला उपाय मला फार आवडतो. पहिल्या फेरीत चुकांच्या अंदाजे प्रमाणावरून गटाचा आकार ठरवायचा; मूळ मांडणीत ०.७३ भागिले त्रुटी-दर असे सूत्र आहे, म्हणजे ३ टक्के चुकांना सुमारे २४ बिटांचा गट. पुढच्या फेरीत बिटांचा क्रम दोन्ही टोकांनी सारखाच पिसायचा आणि गटाचा आकार दुप्पट करायचा. पहिल्या फेरीत एकमेकींना झाकून बसलेल्या दोन चुका आता बहुधा वेगवेगळ्या गटांत पडतात. त्यांतली एक सापडून दुरुस्त झाली की, पहिल्या फेरीतल्या ज्या जुन्या गटात ती होती, त्याचा जुळलेला ताळा बिघडतो. म्हणजे तिची जोडीदार त्या गटात आहे हे समजते. मग मागे जाऊन तिला पकडायचे, तिच्यामुळे आणखी एखादा गट बिघडला तर तोही शोधायचा. एकीमागून दुसरी अशा या घसरणीवरूनच पद्धतीला धबधब्यांच्या रांगेचे नाव मिळाले आहे.

आता ज्यासाठी हा धागा काढला तो मुद्दा. तारेवर बोललेली प्रत्येक पॅरिटी चोरानेही ऐकलेली असते. आठ बिटांच्या २५६ शक्यता असतात. एक पॅरिटी कळली की १२८ उरतात आणि वरच्या उदाहरणातल्या चार पॅरिटी कळल्या की अवघ्या १६. म्हणून उघड केलेल्या प्रत्येक पॅरिटीमागे एक बिट, या हिशेबाने अखेरीस किल्ली आखूड करावी लागते. या शेवटच्या पायरीला गुप्ततावर्धन म्हणतात: दोन्ही टोके आपली दुरुस्त किल्ली एका यादृच्छिक हॅश फलनातून (लांब मालिकेवरून आखूड मालिका काढणाऱ्या सूत्रातून), बहुधा टोप्लित्झ मॅट्रिक्समधून, काढतात आणि चोराचे ज्ञान नगण्य उरेल इतकी लहान करून घेतात. किती लहान करायची हे त्या ताळ्याची नोंदवही सांगते. नोंदवही चुकली तर किल्ली दोन्हीकडे तंतोतंत सारखी निघते, प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होते, आणि तरीही ती गुप्त नसते.

हे मी अनुभवाने सांगते आहे. गेल्या पावसाळ्यात मी कॅस्केडचा संगणक-कार्यक्रम लिहिला आणि १,००,००० बिटांवर, ३ टक्के चुका मिसळून चालवला. चार फेऱ्यांनंतर किल्ल्या जुळल्या. उघड केलेल्या पॅरिटींची बेरीज आली सुमारे १७,५००. क्लॉड शॅनन यांच्या सिद्धान्तानुसार ३ टक्के चुकांसाठी दर बिटामागे किमान ०.१९४४ बिट उघड करावेच लागतात, म्हणजे एक लाखामागे किमान १९,४४०. माझा खर्च किमान मर्यादेच्या ०.९ पट दिसत होता, आणि असे होणे अशक्य आहे. दोन रात्री कार्यक्रमाची ओळ न् ओळ तपासल्यावर चूक सापडली. ज्या गटांची पॅरिटी जुळली नाही त्यांचाच खर्च मी धरला होता. जुळलेल्या गटांत काही घडलेच नाही असे मानून त्यांच्या सुमारे ५,३०० पॅरिटी मी नोंदल्याच नव्हत्या. आमच्या विभागात जुळलेली नोंद टिक मारून बाजूला पडायची आणि पुन्हा तिच्याकडे कोणी बघत नसे. ती सवय माझ्या हातात राहिली होती. येथे मात्र जुळलेली बेरीज चोरालाही तितकीच माहिती देते. त्या धरल्यावर एकूण आकडा २२,८०० च्या आसपास गेला आणि गुणोत्तर १.१७ आले, जे मूळ कॅस्केडच्या बाबतीत अपेक्षितच आहे.

येथे दूरसंचार, संगणकशास्त्र आणि भौतिकशास्त्रातली मंडळी आहेत हे मला ठाऊक आहे. प्रत्यक्ष तारेवर हे कसे चालते आणि कॅस्केडऐवजी काय वापरतात, यावर कृपया लिहावे.

शंकेखोर

ताई, लेख दोनदा वाचला. तीन शंका आहेत. पहिली, ज्या गटाची पॅरिटी जुळत नाही तो गट सरळ टाकून का देऊ नये? दुसरी, चुकांचे प्रमाण आधी मोजायला काही बिट उघड करावे लागत असतील, त्यांचा खर्च कोठे गेला? तिसरी, क्वांटम संगणकाच्या बातम्यांत जी क्वांटम त्रुटी-दुरुस्ती वाचतो, ती हीच का?

ताळेबंद

शंका रास्त आहेत. ३ टक्के चुका आणि २४ बिटांचा गट धरला, तर सुमारे ३८ टक्के गटांची पॅरिटी पहिल्याच फेरीत जुळत नाही. ते सगळे टाकले तर एका बिटाच्या चुकीसाठी चोवीस बिट गमवावे लागतात, आणि जुळलेल्या गटांत लपलेल्या जोड्या तरीही शिल्लकच राहतात. मात्र टाकून देण्याच्या कल्पनेला इतिहासात जागा आहे. १९८९ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत सुमारे ३० सेंटिमीटर हवेतून पहिला प्रयोग झाला, तेव्हा उघड केलेल्या प्रत्येक पॅरिटीमागे त्या गटातला एक बिट लगोलग टाकून दिला जात असे, म्हणजे गळती तेथल्या तेथे भरून निघे. कॅस्केडमध्ये मागे जाऊन जुने गट पुन्हा तपासायचे असतात. त्यासाठी सगळे बिट शेवटपर्यंत जागेवर असावे लागतात, म्हणून वजावट अखेरीस एकरकमी होते.

दुसऱ्या शंकेबद्दल: सुरुवातीचा अंदाज नमुना उघड करून घेतात आणि ते बिट टाकून देतात. परंतु ताळा पूर्ण झाल्यावर किती बिट उलटे करावे लागले ही संख्या वाशीकडे नेमकी असते. त्यामुळे पुष्कळ यंत्रणा मागच्या गठ्ठ्याच्या दरावरून अंदाज धरतात आणि नमुन्याचा खर्च वाचवतात. तिसऱ्या शंकेचे उत्तर असे की, या ताळ्यातले सगळे गणित साध्या शून्य-एकांचे आहे आणि ते साध्या संगणकावर चालते. क्वांटम त्रुटी-दुरुस्ती हा वेगळा विषय आहे.

समांतर

शेवटच्या वाक्यात थोडी भर घालू इच्छितो. यंत्राच्या दृष्टीने हे दोन विषय वेगळे आहेत हे खरे. सुरक्षिततेच्या सिद्धतेत मात्र ते एकत्र येतात. पीटर शोर आणि जॉन प्रेस्किल यांनी २००० मध्ये बीबी८४ सुरक्षित असल्याची जी सुटसुटीत सिद्धता दिली, तिच्यात त्यांनी आधी क्वांटम त्रुटी-दुरुस्ती करणारी एक काल्पनिक पद्धत घेतली आणि मग पायरी-पायरीने दाखवले की तिच्यातील क्वांटम भाग काढून टाकला तरी किल्ली तीच राहते. बिट उलटण्याच्या चुका दुरुस्त करणारा अर्धा भाग म्हणजे तुमचा ताळा, आणि कला (फेज) उलटण्याच्या चुका दुरुस्त करणारा अर्धा भाग म्हणजे गुप्ततावर्धन. ताळ्याला आणि गुप्ततावर्धनाला दर बिटामागे सारखाच किमान खर्च का येतो, याचे कारण या जोडीत आहे. हा खर्च एचने दाखवला तर उरणारी किल्ली १ वजा २ एच इतकी, आणि ११ टक्के चुकांना एच अर्धा होऊन किल्ली शून्यावर येते. ही ११ टक्क्यांची मर्यादा पुष्कळदा उद्धृत होते, पण ती आदर्श ताळ्यासाठी आहे.

प्रत्यक्ष ताळ्याचा खर्च किमान खर्चाच्या एक पटीहून थोडा जास्तच असतो. हे गुणोत्तर किती महत्त्वाचे आहे ते आकड्यांतच पाहावे. एकेरी फोटॉन आणि अतिशय लांब किल्ली असे आदर्श गृहीत धरून, एक लाख चाळलेले बिट आणि ३ टक्के चुका घेतल्या, तर गुणोत्तर १.१ असताना सुमारे ५९,००० बिट उरतात आणि १.५ असतानाही ५१,००० उरतात. त्रास होतो, पण निभावते. आता चुका ८ टक्के घ्या. तेथे दर बिटामागचा किमान खर्च ०.४०२ आहे. गुणोत्तर १.१ असेल तर १५,५०० च्या आसपास बिट उरतात, १.२ असेल तर ११,५००, आणि १.५ असेल तर काहीही उरत नाही. गुणोत्तर १.२ धरले तर ११ टक्क्यांची मर्यादा सुमारे साडेनऊ टक्क्यांवर येते. तार चांगली असेल तेव्हा सैल ताळा खपून जातो. तार वाईट असेल तेव्हा किल्ली मिळणार की नाही हे ताळाच ठरवतो.

तारवाला

मी फायबरच्या देखभालीत २२ वर्षे आहे, त्यामुळे तारेविषयी लिहितो.

नेहमीच्या काचतंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल घट होते. ५० किलोमीटरनंतर दहांतला एक फोटॉन पोहोचतो, १०० किलोमीटरनंतर शंभरातला एक, आणि मुंबई-पुणे अशी १५० किलोमीटरची सलग तार धरली तर हजारातला एक. हरवलेला फोटॉन ही चूक नव्हे. तो चाळणीत येतच नाही. पण डिटेक्टरच्या खोट्या वर्द्या तारेच्या लांबीवर अवलंबून नसतात. खरे फोटॉन कमी होत गेले की उरलेल्या नोंदींत खोट्यांचा वाटा वाढतो, आणि खोट्या वर्द्यांतल्या सरासरी निम्म्या चुकीच्या बिटाच्या असतात. अंतर वाढले की त्रुटी-दर चढतो तो यामुळे. आपल्याकडे पावसाळ्यात रस्ता खणताना केबल तुटते, चेंबरमध्ये गुडघाभर पाण्यात उभे राहून ती जोडली जाते, आणि प्रत्येक जोड घटीत थोडी भर घालतो. साध्या इंटरनेटला त्याने फरक पडत नाही, कारण तेथे प्रकाश भरपूर असतो.

ध्रुवीकरणाचा एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी रुळांच्या कडेने गेलेल्या एका केबलवर आम्ही ध्रुवीकरण मोजण्याचे उपकरण लावले होते. पडद्यावर एक गोल असतो आणि त्यावरचा ठिपका ध्रुवीकरणाची स्थिती दाखवतो. रात्री दीडनंतर ठिपका जवळपास स्थिर असायचा. पहाटे गाड्या सुरू झाल्या की तो हलू लागायचा, आणि जलद लोकल शेजारून गेली की झरकन सरकून गोलाच्या दुसऱ्या भागात जायचा. काचेवर ताण आला किंवा तापमान बदलले की तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण फिरते, हे पुस्तकात वाचलेले त्या पडद्यावर दिसले. यंत्रणेत हे सावरणारे नियंत्रक असतात, पण तेही क्षणभर मागे पडतात. म्हणून ताईंना माझी सूचना अशी की, त्रुटी-दर एकच धरून ताळा तपासू नये. दिवसभरात तो खालीवर होतो, आणि गटाचा आकार चुकीच्या दरावरून ठरला तर खर्च वाढतो.

वेळेचाही विचार हवा. काचेत प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. १५० किलोमीटरवर एक प्रश्न आणि त्याचे उत्तर यांत दीड मिलिसेकंद जातो. कॅस्केड बोलका आहे. एकेका गटाचा शोध संपवून पुढचा घ्यायचे म्हटले, तर तुमच्या एक लाख बिटांच्या गठ्ठ्यात हजारो फेऱ्या होतील आणि यंत्र बहुतेक वेळ नुसते वाट पाहत बसेल. सगळ्या गटांचे प्रश्न एकाच निरोपात बांधून पाठवले तर हा दोष बराचसा जातो.

पवईकर विद्यार्थी

कॅस्केडऐवजी काय वापरतात, याचे मला ठाऊक असलेले उत्तर देतो. माझ्या प्रकल्पाचा विषय याच्याशी लागून आहे.

मधला टप्पा म्हणून २००३ मध्ये लॉस अलामोसच्या गटाने ‘विन्नो’ ही पद्धत मांडली. तिच्यात निम्मे-निम्मे शोधण्याऐवजी हॅमिंग संकेत (काही पॅरिटींवरून चुकलेल्या बिटाची जागा थेट सांगणारी रचना) वापरतात, त्यामुळे निरोप कमी होतात. पण आज अधिक वापर एलडीपीसी, म्हणजे विरळ पॅरिटी-तपासणीच्या, संकेतांचा होतो. रॉबर्ट गॅलागर यांनी ते १९६० च्या दशकाच्या आरंभी शोधले. त्या काळच्या संगणकांना ते झेपले नाहीत म्हणून ते विस्मरणात गेले, आणि १९९० च्या दशकात त्यांचा पुन्हा शोध लागला.

एक मोठा, बहुतांशी शून्यांनी भरलेला तक्ता दोन्ही टोकांकडे आधीच असतो. त्याची प्रत्येक ओळ सांगते की लांबच लांब किल्लीतल्या कोणत्या मोजक्या बिटांची पॅरिटी काढायची. फोर्ट सगळ्या ओळींच्या पॅरिटी काढून एकाच निरोपात पाठवतो. त्या गठ्ठ्याला सिंड्रोम म्हणतात. पुढे बोलणे संपते. आपल्या कोणत्या बिटांत बदल केला म्हणजे सगळ्या ओळी जुळतील, हे वाशीने एकट्याने शोधायचे. प्रत्येक बिट ज्या ओळींत येतो त्या ओळी त्याच्याविषयी आपापला संशय कळवतात, बिट ते संशय एकत्र करून परत ओळींना आपली खात्री कळवतो, आणि अशा काही दहा-वीस फेऱ्यांत बहुतेक वेळा सगळा तक्ता जुळतो. या फेऱ्या वाशीच्या यंत्राच्या आतच होतात, तारेवर नव्हे, म्हणून अंतर कितीही असले तरी वाट पाहावी लागत नाही. शिवाय ताईंनी केलेली चूक येथे होण्यास वावच नाही: गळती म्हणजे सिंड्रोमची लांबी, मग ओळी जुळोत वा न जुळोत.

मात्र अडचणी आहेत. गणन जड असते, त्यामुळे एफपीजीए (आतली जोडणी गरजेनुसार बदलता येणारी चिप) किंवा ग्राफिक्स कार्ड लागते. दुसरे असे की, तक्ता एका ठरावीक त्रुटी-दरासाठी बनवलेला असतो. दर कमी असेल तर गरजेपेक्षा जास्त पॅरिटी उघड होतात. दर जास्त असेल तर दुरुस्ती फसते आणि आख्खा गठ्ठा वाया जातो. तारवाला यांनी वर्णन केलेली जलद लोकल येथे खरी आडवी येते. त्यावर उपाय म्हणून काही जागा दोघांना माहीत असलेल्या मूल्यांनी भरतात आणि काही जागा प्रत्येकाने स्वतःच्या यादृच्छिक बिटांनी भरायच्या असतात. या दोन प्रकारच्या जागांचे प्रमाण बदलून एकच तक्ता निरनिराळ्या दरांना जुळवून घेता येतो. तरीही, कमी दराच्या स्थिर तारेवर नीट लिहिलेला कॅस्केड गळतीच्या बाबतीत आजही मागे नाही, असे माझे मत आहे. तो जुना आहे म्हणून टाकाऊ समजू नये.

आपल्या देशातील कामाचा संदर्भही देतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल अशा शंभराहून अधिक किलोमीटरच्या फायबरवर किल्ली-वाटप करून दाखवले. जून २०२५ मध्ये त्याच दोन संस्थांनी एक किलोमीटरहून जास्त अंतरावर, हवेतून आणि गुंतलेल्या (ज्यांची मोजमापे एकमेकांशी जोडलेली असतात अशा) फोटॉनांच्या साहाय्याने, सेकंदाला सुमारे २४० बिटांची किल्ली मिळवली. तेथे त्रुटी-दर ७ टक्क्यांहून कमी होता. समांतर यांचे ८ टक्क्यांचे आकडे वाचल्यावर ध्यानात येईल की अशा दरांच्या पट्ट्यात ताळ्याचे गुणोत्तर ही नुसती सैद्धान्तिक बाब राहत नाही.

भांडुपकर

मूलभूत शंका. हे सगळे बोलणे उघड तारेवर चालते, तर चोराने नुसते ऐकण्याऐवजी फोर्टशी वाशी बनून आणि वाशीशी फोर्ट बनून बोलायचे ठरवले तर?

समांतर

तर सगळे कोसळते, म्हणून उघड तारेवरचा प्रत्येक निरोप प्रमाणित असावा लागतो. तार ऐकू येण्यास हरकत नाही, पण तिच्यातले शब्द बदलता येता कामा नयेत. त्यासाठी वेगमन आणि कार्टर यांच्या पद्धतीने निरोपाला एक लहान खूण जोडतात, आणि ती बनवण्यासाठी दोघांकडे थोडी गुप्त किल्ली आधीपासून असावी लागते. पहिल्या वेळी ती हाताने पोहोचवावी लागते. पुढे नव्या किल्लीतलाच थोडा भाग त्यासाठी राखून ठेवतात. येथेही बोलक्या पद्धतीचा तोटा दिसतो: जितके निरोप तितक्या खुणा, आणि प्रत्येक खुणेला किल्लीतले बिट खर्ची पडतात. हा खर्च ताईंच्या नोंदवहीत वेगळ्या रकान्यात यायला हवा.

ताळेबंद

सर्वांचे मनापासून आभार. समांतर यांनी सांगितलेला रकाना घातला. त्याच्या शेजारी आणखी एक घातला आहे, तो पडताळणीचा. चार फेऱ्यांनंतरही एखादी जोडी क्वचित लपून राहू शकते, म्हणून शेवटी दोन्ही टोके आपापल्या पूर्ण किल्लीचा ६४ बिटांचा हॅश काढून ताडून पाहतात. किल्ल्या वेगळ्या असूनही हॅश जुळण्याची शक्यता २ च्या ६४ व्या घातात एक इतकी कमी राहते, आणि जाहीर केलेले ते ६४ बिटही गळतीत धरायचे. तेथेही जुळणे फुकट नाही.

काल रात्री तारवाला यांच्या सूचनेप्रमाणे कार्यक्रम बदलला: एका गठ्ठ्यात चुका १ टक्का, पुढच्यात ५ टक्के, आणि गटाचा आकार मात्र ३ टक्क्यांचाच, म्हणजे २४ बिटांचा. १ टक्क्याला योग्य गट ७३ चा असताना २४ चे गट पाडल्यावर पॅरिटी विनाकारण उघड होतात, हे नोंदवहीत लगेच दिसले. ५ टक्क्यांना, जेथे गट १५ च्या आसपास हवा, तेथे पहिल्या फेरीत लपणाऱ्या जोड्या वाढल्या आणि मागे जाण्याचे काम कितीतरी जास्त झाले. किल्ल्या दोन्ही वेळा जुळल्या. आता मागच्या गठ्ठ्याच्या मोजलेल्या दरावरून पुढच्याचा गट ठरवायचे लिहिते आहे.

तारवाला, एक विनंती आहे. रुळांकडेच्या त्या केबलवर ठिपका हलायला लागल्यापासून पुन्हा स्थिर होईपर्यंत साधारण किती वेळ जायचा, हे आठवत असेल तर कळवावे. गठ्ठा त्याहून लहान असेल तर मागच्या गठ्ठ्यावरचा अंदाज उपयोगी पडेल. मोठा असेल तर एकाच गठ्ठ्यात स्थिर आणि हलता असे दोन्ही भाग येतील, आणि मग त्यांचे गट वेगवेगळ्या आकाराचे पाडावे लागतील.

तारवाला

गाडी शेजारून जाईपर्यंतच, म्हणजे काही सेकंद. पण गर्दीच्या वेळी एक गाडी जाते न जाते तोच समोरून दुसरी येते, त्यामुळे सकाळी आठ ते अकरा हा सगळाच काळ हलता धरा. दोन आकारांचे गट पाडण्याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. कोणता बिट केव्हा आला याची वेळ यंत्रणेकडे नोंदलेली असतेच, आणि ती उघड केल्याने किल्लीतले काही कळत नाही.

ताळेबंद

मग वेळेनुसार वाटणी करते आणि रविवारी दोन्ही प्रकारच्या गळतीचे आकडे येथेच देते.